माथेरानची आगगाडी आणि खांद्यावरचें ओझें

मुंबई बेटाची उत्तरेकडील हद्द जेथें संपत असे, त्या ठिकाणास शीव हें नांव पडलें. शीव म्हणजे सीमा. पुढें खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी. सतराव्या शतकांत बेट इंग्रजांकडे व साष्टी पोर्तुगीजांकडे असल्यामुळें ही शीव खरोखरच दोन राज्यांमधील शीव होती. आणि म्हणूनच गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअर याच्या कारकिर्दीच्या सुमारास, इ. स. १६६९ ते १६७७ या वर्षांत, येथील टेकडीवर किल्ला बांधण्यांत आला. त्याचे पडके बुरूज आजही उभे आहेत. टेकडीपासून जवळच कोळ्यांची जुनी वस्ती आहे. तीच शीव कोळीवाडा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, डंकन हा गव्हर्नर असतां, शीव आणि कुर्लें यांस जोडणारा बांध खाडींतून घातला गेला. पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी निघाली, ती याच शिवेवरून पलीकडे गेली. तीन इंजिनें, चौदा डबे आणि सुमारें चारशें पाहुणे असा तिचा थाट होता. त्या दिवसापासून शीव ही हद्द राहिली नाहीं, ती एक वाट झाली.

आगगाडीनें काय केलें, या प्रश्नाचें उत्तर इतिहासकार बहुधा व्यापार, सैन्य आणि टपाल या तीन शब्दांत देतात. कोळीवाड्यास विचारलें तर चवथें उत्तर मिळेल. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन कोसच्या कोस चालणाऱ्या कोळिणीचें ओझें आगगाडीनें उतरविलें. सामानाच्या डब्यांत पाटी टेकवून ती बाजारच्या स्थानकापर्यंत बसून जाऊं लागली, हा बदल कोणत्याही तहनाम्याहून लहान नव्हे. आगगाडीची किंमत रुपयांत मोजावयाची ती मोजावी. परंतु कोणाच्या डोक्यावरचें व कोणाच्या खांद्यावरचें ओझें तिनें खालीं ठेवविलें, याचाही हिशोब इतिहासानें मांडला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. हाच हिशोब आम्ही येथें मुंबईकरांच्या एका आवडत्या गाडीपुरता मांडूं इच्छितों. ती गाडी म्हणजे नेरळहून माथेरानास चढणारी चिमुकली आगगाडी होय.

डोंगरावर आगगाडी चढवावयाची तर तिच्या पाठीमागें मोठें कारण असावें लागतें. दार्जिलिंगचें उदाहरण घेऊं. सिक्कीमच्या राजाकडून तो डोंगर इंग्रजांस १८३५ सालीं मिळाला. डॉक्टर कॅम्पबेल यानें १८४१ च्या सुमारास आपल्या बागेंत चहाचीं रोपें लाविलीं, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत उतारांवर चहाचे मळे पसरले. चहा हें हलकें पीक खरें. परंतु मळ्यांतील हजारों मजुरांस तांदूळ हवा, यंत्रें हवींत, आणि तयार झालेला माल पेट्यांत भरून कलकत्त्याच्या बंदरास पोंचविला पाहिजे. हें सर्व बैलगाडीच्या सडकेवरून चाले. सिलिगुडीस मिळणारा तांदूळ दार्जिलिंगास पोंचेपर्यंत दुपटीहून महाग होई. फ्रँकलिन प्रेस्टेज या रेल्वेच्या अधिकाऱ्यानें हा हिशोब सरकारपुढें मांडला, आणि सडकेच्या कडेनेंच दोन फूट रुंदीचे रूळ टाकून १८८१ सालीं गाडी दार्जिलिंगपर्यंत नेली. निलगिरीच्या गाडीसही चहा-कॉफीच्या मळ्यांचा आधार होता. ती १८९९ सालीं कुन्नूरास आणि १९०८ सालीं उटकमंडास पोंचली. कालका-सिमला मार्ग १९०३ सालीं सुरू झाला, त्यामागें तर साम्राज्याचें सरकारच उन्हाळ्यांत डोंगरावर जाऊन बसत असे. सारांश, एका डोंगरावर चहा होता, दुसऱ्यावर कारभार होता.

माथेरानावर यांपैकीं कांहींच नव्हतें. चहाच्या झाडास वर्षभर ओलावा लागतो. आपल्या सह्याद्रीच्या या भागांत चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडी हवा. तांबडी, सच्छिद्र जमीन पाणी धरून ठेवीत नाहीं. मळा नाहीं, खाण नाहीं, सरकारी कचेरीही नाहीं. मध, जांभळें आणि सावली याखेरीज डोंगर खालीं पाठवील असा माल नाहीं. अशा डोंगरावर दार्जिलिंगइतक्याच अरुंद रुळांची आगगाडी गेली, आणि तीही सरकारच्या नव्हे तर एका व्यापारी घराण्याच्या पैशानें गेली, हें या कथेंतील पहिलें नवल होय.

माथेरान या नांवाचा अर्थ उघड आहे, माथ्यावरचें रान. ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा मे १८५० मध्यें डोंगराच्या पायथ्याशीं चौक येथें मुक्कामास असतां सहज वर चढून गेला, आणि तेथील थंड हवा व दाट छाया पाहून त्यानें पुढें तेथें घर बांधलें. यास माथेरानचा शोध म्हणण्याची चाल पडली आहे. परंतु ठाकूर, कातकरी आणि धनगर हे या डोंगराच्या अंगाखांद्यावर मॅलेटच्या कितीतरी आधींपासून वावरत होते. ज्या पाऊलवाटेनें साहेब वर गेला ती कोणाच्या पायांनीं पडली होती, हा प्रश्न शोधाच्या गोष्टींत विचारला जात नाहीं. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याच्या कृपेनें पुढें तेथें रस्ते व बंगले झाले. आणि १८५६ सालीं कल्याणपासून खोपोलीपर्यंत लोहमार्ग सुरू होऊन तो नेरळवरून गेल्यामुळें मुंबईचा माणूस सकाळीं निघून डोंगराच्या पायथ्याशीं येऊन उभा राहूं लागला.

येथवर आगगाडी. पुढें काय? नेरळपासून माथ्यापर्यंत घाटाची वाट सुमारें सात मैल. धट्टेकट्टे लोक ती पायीं चढत. कांहीं तट्टावर बसत. परंतु बायका, मुलें, आजारी माणसें आणि ज्यांस पायीं चालणें कमीपणाचें वाटे असे श्रीमंत गृहस्थ, हीं सर्व माणसांच्या खांद्यावरून जात. पालखी, डोली, दांड्यांस बांधलेली खुर्ची आणि मागाहून हातरिक्षा अशीं तीं वाहनें होतीं. ट्रंका, वळकट्या, भांडींकुंडीं आणि पिठाचीं पोतीं हमालांच्या डोक्यावरून चढत. मुंबईंतील उकाड्यानें त्रासलेला मनुष्य थंड हवेचा पहिला झोत अनुभवीत असे, तेव्हां त्याच्या पालखीखालीं चार माणसें घामानें निथळत असत. हवा खाण्याचें सुख आणि घाम गाळण्याचें दुःख यांची इतकी जवळची सोबत दुसरीकडे क्वचितच दिसेल.

ही स्थिति बदलण्याचें श्रेय मुंबईचे प्रख्यात बोहरी व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यास आहे. लष्करास लागणारे तंबू व चामड्याचें सामान पुरवून आदमजींनीं मोठी संपत्ति मिळविली होती. १८९७ सालीं ते मुंबईचे शेरीफही होते. त्यांस ही गाडी बांधण्याची बुद्धि कशी झाली याविषयीं आख्यायिका अनेक आहेत. त्या बाजूस ठेवल्या तरी एवढें निश्चित कीं, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनीं हें काम अंगावर घेतलें, १९०४ सालीं प्रत्यक्ष बांधणीस आरंभ झाला, आणि २२ मार्च १९०७ रोजीं मार्ग खुला झाला. खर्च सोळा लक्ष रुपये आला. त्या काळचे सोळा लक्ष रुपये जांभळांच्या रानांत घालणें हें व्यापाऱ्याच्या वहींत शहाणपण म्हणून लिहिलें गेलें नसतें. परंतु वहीबाहेरचेंही एक शहाणपण असतें.

मार्गाची रचना पाहण्यासारखी आहे. घाटाची वाट सात मैलांची, तर लोहमार्ग सुमारें एकवीस किलोमीटरचा, म्हणजे तेरा मैलांचा. गाडीनें जवळजवळ दुप्पट अंतर कां घ्यावें? कारण असें कीं, पोलादी चाक पोलादी रुळावर चालतें तें केवळ त्यांच्या घर्षणाच्या बळावर. चढ थोडा अधिक झाला कीं चाक जागच्या जागीं फिरूं लागतें. बोरघाटांतील मोठ्या गाडीस सदतीस फुटांमागें एक फूट याहून तीव्र चढ दिलेला नाहीं. माथेरानच्या मार्गावर हें प्रमाण वीस फुटांमागें एक फुटापर्यंत गेलें आहे. निलगिरीच्या गाडीस चढावर दांतेरी पट्टीचा आधार आहे. माथेरानच्या गाडीस तसा कांहींएक आधार नाहीं. म्हणून डोंगरास वेढे घालीत, घोड्याच्या नालासारखीं वळणें घेत, उंची हप्त्याहप्त्यानें फेडावी लागते. सिमल्याच्या मार्गावर शंभराहून अधिक बोगदे आहेत, येथें अवघा एक. आणि तोही इतका आंखूड कीं साहेबलोकांनीं त्यास एका चुंबनापुरता बोगदा असें थट्टेचें नांव ठेविलें. बोगदे पाडण्यापेक्षां डोंगराच्या कलानें घेणेंच बांधणाऱ्यांनीं पत्करिलें होतें.

इतक्या आंखूड वळणांवरून इंजिन वळणार कसें, हा दुसरा प्रश्न. तीन आंस ताठ एकमेकांस जखडलेले असले तर तीव्र वळणावर चाकें रुळांवरून उतरावयाचीं. जर्मनींतील ओरेन्स्टाइन आणि कोपेल या कारखान्यानें या मार्गासाठीं चार इंजिनें बनविलीं, त्यांत क्लीन-लिंडनर नांवाची युक्ति योजिली होती. पुढल्या व मागल्या आंसाभोंवतीं एक पोकळ नळकांडें असे आणि चाकें त्या नळकांड्यावर बसविलेलीं असत. आंतील आंस शक्ति देई, बाहेरील नळकांडें वळणाप्रमाणें थोडें कलून आपली वाट शोधी. वाकावयाचें तेथें वाकावें पण जोर सोडूं नये, हा व्यवहाराचा नियमच जणूं लोखंडांत उतरविला होता. पाऊणशें वर्षें या वाफेच्या इंजिनांनीं चाकरी केली. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं डिझेल इंजिनांनीं त्यांची जागा घेतली.

शीव कोळीवाड्याहून निघणाऱ्या प्रवाशास आजही हा सर्व इतिहास एका दिवसांत क्रमानें पाहतां येतो. वस्तींतून पश्चिमेस चालत येऊन शीव स्थानकावर गाडी धरावी; कर्जतची गाडी तेथें थांबत नसेल तर ठाण्यास बदलावी. खाडी ओलांडली कीं जुनी शीव मागें पडते. ठाणें म्हणजे १८५३ सालची मर्यादा, कल्याण म्हणजे १८५४ सालची, आणि नेरळ येईपर्यंत आपण १८५६ सालांत येऊन पोंचतों. नेरळच्या फलाटावर मोठ्या गाडींतून उतरून पलीकडे उभी असलेली लहान गाडी पाहिली म्हणजे एखाद्या वडीलधाऱ्या माणसाशेजारीं नातवंड उभें असावें तसें वाटतें. पुढें जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान अशीं स्थानकें लागतात. एकवीस किलोमीटरांस दोन तासांहून अधिक वेळ लागतो. परंतु या वेळांत सपाटीचीं भातखाचरें हळूहळू खालीं जातात, प्रत्येक वळणावर तोच डोंगर नवी बाजू दाखवितो, आणि कानशिलांवरचा घाम वाळतो. मुख्य म्हणजे, आपण जें सुख घेत आहों त्याखालीं कोणाचा खांदा नाहीं, एवढें समाधान असतें.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, पालखीवाल्याची मजुरी बुडाली त्याचें काय? आक्षेप रास्त आहे. डोंगरावर हवा खाण्यास येणारे आणि डोंगरावर पोट भरणारे हे दोन वर्ग पहिल्यापासून वेगळे होते; गाडी आली म्हणून त्यांतील अंतर मिटलें नाहीं. हें ज्यानें अगदीं जवळून पाहिलें असा एक पुरुष माथेरानांतच जन्मला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजीं तेथील एका नाभिक कुटुंबांत झाला. कायद्याचें शिक्षण घेऊन ते वकील झाले. तथापि त्यांनीं आपलें आयुष्य घातलें तें कर्जत-नेरळच्या बाजूच्या शेतकरी, ठाकूर व कातकरी लोकांसाठीं. शाळा चालविल्या, सावकारीच्या पाशांतून लोकांस सोडविण्याकरितां धान्याची पेढी काढली. १९४२ च्या आंदोलनांत ते भूमिगत झाले आणि त्यांच्या आझाद दस्त्यानें डोंगरांतून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचा सपाटा लाविला. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळीबारांत भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांस वीरमरण आलें.

त्या मनोऱ्यांचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. खोपोलीस १९१५ सालीं आणि भिवपुरीस १९२२ सालीं टाटांनीं जलविद्युत् केंद्रें उभारलीं, तीं याच डोंगरांच्या पाण्यावर. आणि तेथील वीज परळ-लालबागच्या गिरण्या फिरवूं लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी कुर्ल्यापर्यंत धांवली, ती शीव कोळीवाड्याच्या कडेनेंच. म्हणजे डोंगरानें मुंबईस थंड हवा दिली, वीज दिली, हमाल दिले. मुंबईनें डोंगरास काय परत केलें, असा जर हिशोब मांडला तर मुंबईच्या बाजूस फारशा रकमा सांपडणार नाहींत. पीरभॉयांची गाडी ही त्या थोड्या रकमांपैकीं एक. म्हणून ती जपली पाहिजे.

ती जपली गेली काय? दार्जिलिंगच्या गाडीस १९९९ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला, निलगिरीस २००५ सालीं, सिमल्यास २००८ सालीं. माथेरानचें नांव विचाराधीन यादींत गेलें, त्यापुढें गेलें नाहीं. जुलै २००५ च्या महापुरानें मार्ग जागोजाग वाहून नेला. गाडी २००७ सालीं पुन्हां चालूं झाली. मे २०१६ मध्यें डबे रुळांवरून घसरण्याचे प्रकार घडले आणि गाडी बंद पडली. नेरळपासूनचा प्रवास पुन्हां सुरू होण्यास जानेवारी २०१८ उजाडलें. २०१९ च्या पावसानें पुन्हां मार्ग फोडला, तो नेरळपासून अमन लॉजपर्यंत नीट होण्यास ऑक्टोबर २०२२ पर्यंत काळ लागला. दर वर्षीं पावसाळ्यांत तर खालचा भाग बंदच ठेवावा लागतो. प्रत्येक वेळीं हिशोबी लोक विचारतात कीं, तोट्यांत चालणारी ही गाडी ठेवावी कशासाठीं?

याचें उत्तर डोंगरमाथ्यावरच मिळतें. माथेरानांत मोटारगाड्यांस बंदी आहे, आणि २००३ सालीं तो प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. खालून येणाऱ्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. ही बंदी योग्यच आहे. तिच्यामुळेंच तेथील रान टिकलें आहे. परंतु मोटार नाहीं आणि आगगाडीही नाहीं, अशी वेळ आली म्हणजे ओझें कोठें जातें? तें पुन्हां जुन्याच ठिकाणीं जातें. ट्रंक हमालाच्या डोक्यावर चढते, धान्य आणि विटा घोड्याच्या पाठीवर येतात, आणि वृद्ध प्रवासी हातरिक्षेंत बसतो. १९०७ सालीं नेरळच्या घाटांत जें ओझें खांद्यावरून उतरलें, तें माथ्यावरच्या तांबड्या वाटांवर पुढेंही शतकभर माणसांच्याच हातांत राहिलें होतें. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें माणसानें ओढावयाची रिक्षा मानवी प्रतिष्ठेस न शोभणारी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, आणि रिक्षा ओढणाऱ्यांसच विजेच्या रिक्षा मिळाव्यात अशी योजना आंखण्यास सरकारास सांगितलें. प्रतिष्ठा द्यावयाची पण भाकरी काढून घ्यावयाची, असा न्याय होऊं नये, हें त्यांत ओळखलेलें दिसतें. पालखीवाल्यांच्या बाबतींत १९०७ सालीं हा विचार कोणी केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

म्हणून माथेरानच्या गाडीचा हिशोब तिकिटांच्या पैशांत मांडणें हें मुळांतच चुकीचें आहे. दार्जिलिंगच्या गाडीनें तांदूळ वर नेला व चहा खालीं आणला. तिचा नफा पेट्या मोजून सांगतां येतो. माथेरानच्या गाडीनें वर नेली तीं शिणलेलीं माणसें, आणि खालीं आणलीं तीं किंचित् ताजीं झालेलीं माणसें. चाळींतल्या खोलींत आठ जणांत राहणाऱ्या गिरणीकामगारास किंवा कोळीवाड्यांतील कुटुंबास, दुसऱ्याच्या खांद्यावर न बसतां आणि स्वतःच्या डोक्यावर ओझें न घेतां, वर्षांतून एक दिवस त्या रानाच्या सावलींत नेऊन सोडावें, हें तिचें काम. हें काम ज्या समाजास तोट्याचें वाटतें, त्यानें आपली जमाखर्चाची वही एकवार पुन्हां तपासून पाहावी. दरड कोसळली तर ती उपसावी, रूळ वाहून गेले तर ते पुन्हां घालावेत. मात्र ती बंद असेल त्या प्रत्येक दिवशीं तिचें ओझें कोणीतरी वाहत असतो, हें विसरूं नये.